आधी ताट, मग सुई

मालुमावशी एका जागी स्वस्थ बसलेली मी कधी पाहिली नाही. जेवायला बसली तरी एक गुडघा उभा, म्हणजे उठायला बरं. दुखणेकऱ्याला बघून बाहेर पडली की गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जायची, थबकायची आणि परत फिरायची. दार ढकलून विचारायची, "गोळी गिळली न्हवं? गालात धरून बसला न्हाय न्हवं?" निपाणीत लोक थट्टा करायचे, की मालुबाई गेली म्हणजे येतीयाच. ती गेल्यावर घरची माणसं थोडा वेळ दाराला कडीसुद्धा घालत नसत.

मी तिची सख्खी भाची, बाळाबाई. बेळगावला इस्पितळात नर्स आहे आणि ती तिच्यामुळंच आहे. तिच्या या येरझाऱ्यांचा मला राग यायचा. माणसानं काम एकदाच नीट करावं आणि पुढं चालू लागावं, असं माझं मत, आणि ते मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे. गेल्या माघात ती गेली. तेव्हापासून लोक तिच्याबद्दल फार गोड बोलायला लागलेत. ती देवी होती म्हणे, तिच्या हाताला यश होतं म्हणे. हे ऐकवत नाही म्हणून लिहायला बसले. ती देवी नव्हती. तिच्या हातून एक मोठी चूक झाली होती, आणि ती चूक तिनं कुणाला विसरू दिली नाही.

मावशी मूळची अनगोळची. बाराव्या वर्षी तिला खानापूरकडच्या एका गावात दिली. घर शेतीचं, खाऊनपिऊन सुखी. एकोणीसशे अठरा साली मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली आणि घरातली नऊ माणसं एका आठवड्यात आडवी झाली. उभी राहिली ती एकटी मालू. नऊ जणांना पेज, नऊ जणांचं हगणंमुतणं. पाचव्या दिवशी नवरा म्हणाला, "आज बरं वाटतंय, मला जरा टेकून बसीव." तिनं त्याला भिंतीला टेकवून बसवलं. ओठ निळसर दिसले. पण माणूस स्वतः बरं वाटतंय म्हणतोय म्हटल्यावर ती म्हशीची धार काढायला गेली. परत आली तर तो तसाच टेकलेला होता आणि गेलेला होता.

"दिसलं हुतं गं मला," ती म्हणायची. थांबली असती तरी तो जगला नसता, हे मला माहीत आहे, तिलाही पुढं कळलं होतं. पण कळून उपयोग नसतो.

विधवा होऊन माहेरी आली. वहिनीशी पटेना. बेळगावच्या एका मिशनच्या दवाखान्यात फरशा पुसायला लागली. तेविसाव्या वर्षी अक्षरं गिरवली, अठ्ठाविसाव्या वर्षी नर्स झाली. मधल्या पाच वर्षांत भावानं दोनदा तिला घरातनं काढलं आणि तीनदा पगाराचे पैसे मागायला आला. एकोणतीस साली डॉक्टर सबनीसांनी निपाणीत दवाखाना काढला, तेव्हा ते तिला बरोबर घेऊन गेले. डॉक्टर हुशार होते, पण त्यांना घाई फार. चिठ्ठी लिहायची आणि पुढचा. चिठ्ठी आणि माणूस यांच्यामध्ये जे काय असतं ते मालुबाईनं बघायचं, अशी त्यांची वाटणी होती.

आता ब्राह्मीआक्कांबद्दल. तंबाखूचे व्यापारी तवनाप्पा यांची ही आई. चिकोडी-निपाणी भागातल्या जैन घरातली बाई असते तशी, पाणी गाळूनच प्यायची, दिवस मावळल्यावर घास नाही, अष्टमी-चतुर्दशीला उपास. वय पंचावन्नच्या आसपास. छत्तीस सालच्या दिवाळीच्या सुमाराला पाठीवर एवढं मोठं गळू झालं, काही केल्या भरेना. बाई वाळत चालली. सबनीसांनी लघवी निळ्या औषधात घालून उकळली, तर ती विटकरी झाली. साखरेचा रोग. तेव्हा इन्शुलिन नवं होतं, मुंबईहून मोटारीनं यायचं, आणि बाटली ओल्या वाळूतल्या मडक्यात जपून ठेवायची. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, सकाळी साडेआठला सुई, संध्याकाळी सातला सुई, वर जेवण.

मालुबाई चिठ्ठी घेऊन उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत आली.

"सातला न्हाय चालायचं, डॉक्टर. त्यांच्यात दिवस बुडाला की जेवत न्हाईत. सुई देऊन उपाशी ठेवायचं का म्हातारीला?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि सातचे पाच केले. हे औषध रक्तातली साखर ओढून घेतं. पोटात अन्न असेल तर जीव वाचवतं, नसेल तर तेच जीव घेतं. तिनं ब्राह्मीआक्कांच्या घरातनं जैनांचं पंचांग मागून आणलं, उपासाच्या दिवसांवर शाईनं खुणा केल्या आणि ते पिशवीत ठेवलं. खुणेच्या दिवशी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई नाही. बाकीच्या दिवशी तिचा स्वतःचा एक नियम होता. आधी ताट, मग सुई. ताट समोर आलेलं डोळ्यांनी बघायचं, मगच सुई टोचायची, आणि पहिले चार घास पोटात जाईपर्यंत हलायचं नाही. आक्कांच्या सुनेला या पहाऱ्याचा कंटाळा यायचा. आक्का मात्र हसायच्या.

एक गोष्ट सांगायला हवी, ती अवघड आहे. हे औषध जनावराच्या अंगातनं काढतात. तवनाप्पाला ते आईपासून लपवायचं होतं. मालुबाई म्हणाली, "त्यांनी इचारलं तर मी खोटं बोलणार न्हाय, अण्णा." आणि आक्कांनी विचारलंच. ऐकल्यावर तीन दिवस त्या भिंतीकडं तोंड करून पडून होत्या. चौथ्या दिवशी दंड पुढं केला.

"मला जगायचं हाय," त्या म्हणाल्या. "लाज वाटती म्हणायला, पर जगायचं हाय. पाप माझं मी फेडीन."

दोन महिन्यांत गळू भरलं, अंगावर थोडं मांस आलं. पण ते फेडायचं त्यांच्या मनातनं गेलं नाही. एखाद्या मुनिमहाराजांना आपल्या हातनं आहार द्यावा, मग डोक्यावरचं ओझं थोडं उतरेल, एवढाच एक ध्यास. दिगंबर मुनी दिवसातनं एकदाच जेवतात, उभ्यानं, ओंजळीत. सकाळी ते निघतात आणि श्रावक, म्हणजे जैन गृहस्थ, आपापल्या दारात शुचिर्भूत होऊन, हातात कलश आणि नारळ घेऊन त्यांना बोलावत उभे राहतात. ज्या दारी ते थांबतील ते घर धन्य. देणाऱ्यानं आधी जेवायचं नसतं, महाराजांचं झाल्यावर जेवायचं. आणि आहार चालू असताना काही विघ्न आलं, ताटात केस निघाला, कुणी किंचाळलं, कुणी समोर पडलं, तर तो अंतराय. महाराज ओंजळ सोडतात आणि उद्यापर्यंत अन्नपाणी नाही. ज्या घरात अंतराय झाला त्या घराला ते फार लागतं.

महाराजांचं येणं पंचांगात नसतं. मावशीची सगळी तयारी तिथं अपुरी पडली.

पौषातली गोष्ट. डॉक्टर बेळगावला गेलेले. बोरगावला एका बाईला बाळंतपणात टाके पडले होते, ती जखम धुऊन पट्टी करायची होती, टांगा दारात उभा. मालुबाई साडेआठला तवनाप्पाच्या घरी पोचली. स्वयंपाकघरातनं तुपाचा वास येत होता, भांडी वाजत होती. ब्राह्मीआक्का माजघरात पाटावर बसलेल्या, पांढरं धुतलेलं लुगडं, न्हाऊन मोकळे सोडलेले ओले केस.

"ताट आणा म्हणावं, आक्का."

"आणत्यात. तू टोच की. तुला बोरगावला जायाचं हाय न्हवं? टांगेवाला मघाशी हाका मारीत हुता."

मावशीनं सुई भरली. स्वयंपाक झालेला दिसत होता. दोन महिने एक दिवस नियम चुकला नव्हता. एक दिवस. तिनं सुई टोचली, पिशवी उचलली आणि "जेवा हं, लगेच," असं म्हणून निघाली. तो दिवस असा होता की ती कोपऱ्यावरनं परत फिरली नाही.

टांग्यात बसल्यावर तिला चैन पडेना. काही तरी राहिलंय. पिशवी उघडून बघितली, कात्री होती, पट्ट्या होत्या, आयोडीन होतं. स्पिरिटचा दिवा विझवला होता. सुई पुसली होती. टांगेवाला भरमू म्हणाला, "काय इसरलं का बाई?" ती न्हाय म्हणाली. गाव मागं पडलं, दोन्ही अंगांना ऊस लागला, आणि तिच्या डोळ्यांपुढनं ते ओले केस हलेनात. पौषात, सकाळी, एवढी थंडी असताना, मंगळवारी. आक्का न्हातात शनिवारी, दुपारी, उन्हात बसून.

समोरनं माणसं येत होती. धुतलेली धोतरं, अंगावर उपरणी, बायकांच्या हातात नारळ. पंधरावीस जण. तिनं टांगा थांबवून विचारलं, एवढी कुठं निघालीत.

"निपाणीला. महाराज आल्यात काल. आज आहाराला निघणार हैत."

मावशी मला ही गोष्ट सांगायची तेव्हा इथं आली की उठून उभी राहायची. काल आले. म्हणजे घरात काल रात्रीच ठरलं असणार. ते तूप, ती भांडी, सगळं महाराजांसाठी होतं. आणि आक्का सकाळपासून उपाशी आहेत, महाराज जेवेपर्यंत उपाशीच राहणार, आणि त्यांच्या दंडात वीस युनिट आपण घातलेत.

"टांगा फिरीव, भरमू."

"बोरगाव दोन कोस ऱ्हायलंय आता."

"त्या बाईची पट्टी सांजेला केली तर चालंल. हिचं चालणार न्हाय. फिरीव."

भरमू पुटपुटत राहिला, पण त्यानं घोडा पळवला. मावशी मोजत होती. साडेआठला दिली. दोन तासांनी औषध जोरात लागतं. आता पावणेदहा. घोड्याला फेस आला तरी ती "हाण, हाण" म्हणत होती. आयुष्यात मुक्या जनावराला तिनं कधी दुखवलं नाही, त्या दिवशी चाबूक स्वतःच्या हातात घेतला. भरमूनं तो परत हिसकावून घेतला.

गल्लीच्या तोंडाशी एवढी माणसं की टांगा आत जाईना. महाराज तवनाप्पाच्याच दारी थांबले होते. सगळी गल्ली सोडून त्याच दारी. लोक अंगणात दाटीनं, पण चूपचाप उभे होते. मावशी त्यांच्यातनं वाट काढत दारापर्यंत गेली. आत माजघरात महाराज उभे, ओंजळ केलेली. बाजूला चौरंगावर एकेक पदार्थ, भात, दूध, गाळलेलं पाणी, आणि त्या दिवसांत नवा ऊस म्हणून तांब्याभर ताजा रस. ब्राह्मीआक्का समोर उभ्या राहून वाटीनं ओंजळीत वाढत होत्या. तोंडावर हसू होतं आणि डोळ्यांतनं पाणी वाहत होतं.

"कृतार्थ झाली बाई," दारातलं कुणीतरी कुजबुजलं.

मावशीनं हसू बघितलं नाही. तिनं वरचा ओठ बघितला. त्यावर घामाचे थेंब होते. मानेवरनं घाम ओघळत होता, आणि दारात उभ्या असलेल्यांनी थंडीनं उपरणी लपेटली होती. आक्कांची वाटी ओंजळीच्या बाजूनं गेली आणि दूध जमिनीवर सांडलं. लोकांना वाटलं, भक्तीनं भान हरपलंय. मग त्या महाराजांकडं बघून हळूच म्हणाल्या, "चंपा, तू कवा आलीस?" चंपा ही त्यांची बहीण, मरून वीस वर्षं झालेली.

आता काय करायचं? मावशी सात-आठ वर्षं या लोकांत वावरलेली. तिला पुरतं माहीत होतं. आत पाऊल टाकलं, अंगावरच्या या कपड्यांनी आक्कांना शिवलं, की अंतराय. महाराज उद्यापर्यंत उपाशी. या घराला, या बाईला ते जन्मभर पुरेल, आणि आपल्याला या गावात कुणी दारात उभं करणार नाही. आहार संपायला अजून दहा मिनिटं लागतील, फार तर पंधरा. आक्का दहा मिनिटं टिकतील का? ती मला म्हणायची, "मी थांबले गं. खरं सांगते, थांबले. मनात म्हटलं, आणखी दोन घास हूं देत." दोन घास ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. मग आक्कांचा डावा गुडघा वाकलेला तिला दिसला, आणि ती वहाणांसकट आत धावली.

आक्का तिच्या अंगावरच कोसळल्या. वाटी खणकन पडली. महाराजांनी ओंजळ सोडली, क्षणभर डोळे मिटून उभे राहिले आणि शांतपणे हात धुवायला वळले. पाचसहा घास झाले होते, पाणी अजून घेतलं नव्हतं. अंगणात सगळ्यांच्या तोंडातनं एकच सुस्कारा आला.

"साखर द्या, गूळ द्या, काय बी द्या," मावशी म्हणाली. कुणी हललं नाही. सून तोंडावर पदर घेऊन रडत होती. तवनाप्पा बधिर होऊन महाराजांच्या पाठीकडं बघत होता. मग मावशीनं चौरंगावरचा उसाच्या रसाचा तांब्या उचलला. महाराजांसाठी, सोवळ्यात, गाळून काढलेला रस.

"ओत, तोंडात ओत भडाभडा," कुणी तरी ओरडलं.

तिनं ओतला नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते छातीत जातं, हे लोकांना ठाऊक नसतं आणि घाईत नर्ससुद्धा विसरतात. तिनं आक्कांना कुशीवर वळवलं, रसात बोट बुडवून गालाच्या आतनं चोळलं. पुन्हा बुडवलं, पुन्हा चोळलं. किती वेळा ते तिलाही सांगता यायचं नाही. एकदा जीभ हलली. गळ्यावर दोन बोटं ठेवून तिनं बघितलं, घोट उतरतोय. मग चमचा, चमच्यामागनं चमचा. सगळं घर भोवती उभं आणि ती चमच्याशिवाय कशाकडं बघत नव्हती. पंधरा मिनिटांनी आक्कांनी डोळे नीट उघडले.

"महाराज?"

तवनाप्पा म्हणाला, "गेले, आव्वा. अंतराय झाला."

आक्कांनी जमिनीवरचा तांब्या बघितला, मावशीच्या पायांतल्या वहाणा बघितल्या. "माझं होतं न्हवतं तेवढं पुण्य नेलंस," त्या म्हणाल्या, आणि तोंड फिरवलं.

मावशी तिथंच, सगळ्यांसमोर बोलली. "चूक माझी हाय, अण्णा. ताट न बघता मी सुई दिली. केस ओले दिसले हुते मला. इचारलं न्हाय." मग तिनं सुनेकडनं भात मागितला, आक्कांना स्वतःच्या हातानं भरवला, दर अर्ध्या तासानं नाडी बघत दुपारपर्यंत ओसरीवर बसली, आणि दिवस बुडायच्या आत बोरगावला जाऊन पट्टी करून आली.

दुसऱ्या दिवशी सबनीस तिच्यावर चिडले. म्हातारीनं लपवलं, यात तुझा काय दोष? भर घरात कबूल करायची काय गरज होती? दवाखान्याचं नाव जातं. मावशी म्हणाली, "त्यांनी लपवलं ते खरं. पर केस न्हाय लपवलं त्यांनी." तवनाप्पानं निरोप धाडला, नर्सबाईनं आमची पायरी चढायची नाही. कंपाउंडर मारुतीराव रोज सुई द्यायला जाऊ लागले.

मला विचाराल तर डॉक्टरांचं खरं होतं, आणि मी मावशीला तसं पत्रही लिहिलं. त्या आठ दिवसांत ती झोपली नाही असं शेजारीण सांगायची. रोज सकाळी साडेआठला ती तवनाप्पाच्या घरासमोरच्या कट्ट्यावर जाऊन उभी राहायची. मारुतीराव आत जायचे, दोन मिनिटांत बाहेर यायचे. ती आणखी उभी. उघड्या दारातनं सून माजघरात ताट नेताना दिसली की मगच हलायची. गल्लीतली पोरं तिला खडे मारायची. एकदा तवनाप्पानं बाहेर येऊन तिला हाकललं. ती कोपऱ्यापर्यंत गेली आणि परत आली.

नवव्या दिवशी आक्कांनी लेकाला हाक मारली.

"त्या मारुतीरावाला उद्या नको म्हण. तो ताट बघत न्हाय."

"आव्वा, तिनं आपल्या घरात—"

"खोटं मी बोलले, तवनाप्पा. ताट आणत्यात म्हटलं मी. सांगितलं तर ही सुई देणार न्हाय, आणि सुई न्हाय तर उभं ऱ्हायाला ताकद कुठनं येणार, असं वाटलं मला. सुईनंच ताकद येती असं वाटलं." मग म्हणाल्या, "रोज समोर येऊन उभी ऱ्हाती. मला दिसती."

मावशी परत त्या घरात जाऊ लागली. दोघी एकमेकींशी फार बोलत नसत. ताट यायचं, सुई व्हायची, चार घास. महाराज चिकोडीकडं निघण्याआधी आक्कांनी त्यांच्यापुढं सगळं सांगितलं होतं, औषध कशाचं आहे तेही. वर्षभर दुधाचा त्याग, असं प्रायश्चित्त मिळालं. दुधाचाच, जेवणाचा नाही, हे ऐकून मावशीच्या जिवात जीव आला. तिनं डॉक्टरांकडनं दुधाऐवजी काय आणि किती ते लिहून घेतलं. डॉक्टर म्हणाले, या घराची चिठ्ठी तूच लिहीत जा.

पुढच्या वर्षी मार्गशीर्षात मी रजेवर निपाणीला गेले होते, आणि महाराज परत आले. कुठले कुणी निराळे नव्हेत, तेच. आदल्या दुपारी ब्राह्मीआक्कांची सून स्वतः दवाखान्यात आली. सासूबाईंनी विचारलंय, उद्या दारात उभं राहायचं आहे, काय करायचं? मावशी इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती. ती धावत डॉक्टरांकडं गेली. सकाळची सुई नाही. महाराजांचा आहार होईल, मग आक्कांचं ताट, मग थोडी कमी सुई. दोन-तीन तास साखर चढली तर चढू दे, त्यानं काही बिघडत नाही. डॉक्टरांनी मान हलवली. मला वाटलं, झालं, आता ही झोपेल. कुठची झोप! तासातासाला उठून ती भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत होती.

सकाळी आम्ही दोघी समोरच्या कट्ट्यावर. तिच्या हातात उसाच्या रसाची झाकलेली वाटी, लागलीच तर. महाराज गल्लीत आले. पहिलं दार, दुसरं दार, थांबले नाहीत. तवनाप्पाच्या दारात आक्का कलश घेऊन उभ्या. ओले केस पाठीवर. महाराज त्यांच्यासमोर आले, बघितलं, आणि पुढं गेले.

मावशीनं माझं मनगट एवढं आवळलं की वळ उठला. चार दारं पुढं जाऊन महाराज वळले. परत आले. तवनाप्पाच्या दारी उभे राहिले. लोक आत गेले, दार भरलं, आम्हाला काहीच दिसेना. मावशी कट्ट्यावरनं उतरायची, परत चढायची. "घाम नसंल न्हवं? हात नीट चालतोय न्हवं?" मी म्हटलं, "मावशी, सुई दिलेलीच न्हाय, घाम कशाचा येतोय?" तिला पटत होतं आणि ती ऐकत नव्हती. तिच्याच कपाळावर घाम होता.

अर्ध्या तासानं महाराज बाहेर पडले. आहार पुरा झाला होता. लोक त्यांच्यामागनं गेले आणि गल्ली रिकामी झाली. मग ब्राह्मीआक्का दारात आल्या. त्याच धुतलेल्या सोवळ्याच्या लुगड्यात, हातात स्वतःचं ताट. पायऱ्या उतरल्या, रस्ता ओलांडला आणि कट्ट्यावर मावशीच्या अंगाला अंग लावून बसल्या. मावशी सरकायला गेली तर त्यांनी तिचा पदर धरला.

"बस. झालंय समदं." ताट त्यांनी मावशीच्या मांडीवर ठेवलं आणि दंड पुढं केला. "आदी बघ. भात हाय, आमटी हाय, भाकरी हाय. बघितलंस? आता टोच."

मावशीनं सुई काढली. बाटलीच्या बुचात ती दोनदा चुकली. औषध भरेना. तिनं सुई माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तू दे, बाळा. मी ताट धरते."

मी सुई दिली. आक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"तू कालपासनं काय खाल्लंयस का?" त्यांनी मावशीला विचारलं.

मावशीनं ताट त्यांच्याकडं सरकवलं. तिनं खाल्लं नव्हतं.

"मग मी जेवणार न्हाय," आक्का म्हणाल्या. "सुई तर आता झालीया. बघ काय करतीस ते."

मावशीनं घाईघाईनं घास घेतला. मग आक्कांनी. एकाच ताटातनं, भर रस्त्यात, दोघी जेवल्या. मी चार घास मोजले, मग आठ, आणि त्यानंतर मोजायचं सोडून दिलं.